गर्भधारणेसाठी योग: लोड, चादर आणि पाळीची वही

अमुक आसन केलं की दिवस राहतात, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बंद पडलेल्या गर्भनलिका योगाने उघडत नाहीत, एखाद्या मुद्रेने शुक्राणू वाढत नाहीत आणि वयही मागे जात नाही. योगाने होतं ते वेगळं, पण कामाचं. झोप लागते, श्वास खाली पोटापर्यंत उतरतो, वजन आणि साखर आटोक्यात ठेवायला हातभार लागतो आणि महिन्यामागून महिने वाट पाहताना माणूस मोडून पडत नाही. तपासण्या, इंजेक्शनं, रिपोर्ट या सगळ्यात तग धरायला हे लागतंच.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ‘टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही’ हे वाक्य आपल्या कोल्हापुरात घरोघरी ऐकू येतं. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली होती. उपचाराआधी कोण किती तणावात होतं आणि उपचार यशस्वी झाला की नाही, यांचा संबंध त्यात दिसला नाही. म्हणजे काळजी वाटली म्हणून उपचार फसला, असा ठपका कुणी स्वतःवर घेऊ नये. योग ताण कमी करण्यासाठी करायचा, कारण ताणात जगणं मुळातच त्रासाचं असतं.

चटई अंथरण्याआधी डॉक्टर

वय ३५ च्या आत असेल आणि वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नसतील, तर तपासणी करून घ्यायची. ३५ च्या पुढे सहा महिनेच थांबायचं. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पाळीत उठता येणार नाही इतकं दुखत असेल, पूर्वी क्षयरोग झाला असेल किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर एवढंही थांबू नका. जननमार्गाचा क्षयरोग हे आपल्या देशात नळ्या बंद होण्याचं एक मोठं कारण आहे आणि तो बरेचदा काही न दाखवता आत बसलेला असतो.

तपासणी दोघांची, आणि एकाच वेळी. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण सापडतं. वीर्यतपासणी सगळ्यांत स्वस्त आणि बिनदुखाची, तरी तीच सगळ्यांत शेवटी होते. आधीच्या वीर्यस्खलनापासून नमुना देईपर्यंत कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ७ दिवसांचं अंतर ठेवायचं. त्याच्या आत किंवा पलीकडे गेलं की आकडे फसवतात. पत्नीची थायरॉईड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे नळ्यांची तपासणी डॉक्टर सांगतील. फॉलिक ॲसिड मात्र आजच विचारून सुरू करा. दिवस राहण्याच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम ही नेहमीची मात्रा आहे. मधुमेह असेल, फिटची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळाला पाठीच्या कण्याचा दोष असेल, तर डॉक्टर ती वाढवतात.

‘सहा महिने योग करून बघू, मग दवाखान्यात जाऊ’ ही चाल ३५ च्या पुढे महागात पडते. दोन्ही बरोबरच सुरू करा.

पाळीची वही

दहा रुपयांची वही पुरते. पाळीचा पहिला दिवस म्हणजे दिवस १. अंगावरून लाल, धड रक्त जायला लागतं तो दिवस धरायचा, आदल्या दिवशीचा तपकिरी डाग नाही. पुढची पाळी आली की मधले दिवस मोजा. निदान तीन पाळ्यांची नोंद झाली की तुमचं चक्र किती दिवसांचं ते कळतं.

अंडं साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं. म्हणून चक्राच्या दिवसांतून १४ वजा करायचे. २८ दिवसांचं चक्र असेल तर १४ वा दिवस, ३० चं असेल तर १६ वा, ३५ चं असेल तर २१ वा. इथेच बहुतेकींचं चुकतं. मैत्रिणीने १४ वा दिवस सांगितला म्हणून ३५ दिवसांचं चक्र असलेलीही तोच धरून बसते आणि आठवडाभर आधीच सगळं उरकते.

सुटलेलं अंडं फार तर २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र आत ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून अंडं सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे ५ दिवस, असे सहा दिवस महत्त्वाचे. ३० दिवसांच्या चक्रात ते ११ ते १६. या दिवसांत दिवसाआड किंवा रोज संबंध ठेवले की झालं. ‘ताकद साठवायची’ म्हणून दहा-दहा दिवस लांब राहण्याने फायदा होत नाही. संबंधानंतर पाय भिंतीला लावून पडून राहण्याचीही गरज नाही. शुक्राणू काही मिनिटांत गर्भाशयाच्या मुखात शिरतात आणि बाहेर येतो तो नुसता द्रव असतो.

पाळी अनियमित असेल तर हे गणित लागू पडत नाही. मेडिकलमध्ये लघवीवर बघायचं ओव्ह्युलेशन किट मिळतं, त्याने अंदाज येतो. पीसीओएस (अंडाशयातल्या हार्मोनचा तोल बिघडून पाळी लांबण्याचा आजार) असलेल्यांना मात्र ते कधी कधी उगाचच ‘हो’ म्हणतं, कारण ज्या हार्मोनवर ते चालतं तो त्यांच्यात आधीच वाढलेला असतो. त्यांनी सोनोग्राफीवर भरवसा ठेवावा.

सामान घरातच आहे

महागडे बोल्स्टर आणायची गरज नाही. दिवाणखान्यातला जुना लोड बेस्ट. कापूस फार दबलेला नसावा, हाताने दाबला तर चार बोटांपेक्षा खाली जाऊ नये. लोड नसेल तर दोन उशा एकापुढे एक ठेवून त्यांवर चादर घट्ट गुंडाळा. दोन सोलापुरी चादरी, दोन उशा, डोळ्यांवर ठेवायला सुती पंचा, एक किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी आणि मोकळी भिंत, एवढ्यात सगळं भागतं. चटई घसरत असेल तर खाली ओला करून पिळलेला पंचा अंथरा. पावसाळ्यात कोल्हापूरची फरशी घामेजते, तेव्हा पाय घसरून कंबर लचकण्याचे प्रकार होतात.

जेवणानंतर तीन-साडेतीन तास, चहा-बिस्किटानंतर तासभर जाऊ द्या. सकाळी घरात पाणी आणि डबे यांचीच धांदल असेल तर संध्याकाळी सातची वेळ उत्तम. रोज ३० मिनिटं खूप झाली. रविवारी दीड तास आणि बाकी आठवडा कोरडा, असं करू नका.

पहिला आठवडा: फक्त श्वास

आसनांची घाई नको. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून तळवे जमिनीवर ठेवा. तांदळाची पिशवी बेंबीच्या किंचित वर ठेवा. श्वास घेताना पिशवी वर आली पाहिजे, सोडताना खाली. छाती जवळजवळ स्थिर. पिशवी हललीच नाही आणि गळ्याखालची हाडं वर उचलली गेली, तर श्वास अजून वरच अडकलाय. जोर लावून पोट फुगवू नका. आधी पूर्ण श्वास सोडा, पुढचा आपोआप खाली जातो.

हे जमलं की मोजायला घ्या. मनात चार मोजून श्वास घ्या, सहा मोजून सोडा. मध्ये रोखायचं नाही. अशाने मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. सोडणं लांबवल्याने विसाव्याकडची मज्जासंस्था पुढे येते, या सगळ्याचा गाभा तोच. पाच मिनिटांपासून सुरुवात करून दहापर्यंत जा. गरगरलं, जीव घाबरला किंवा जांभया येत राहिल्या तर तुम्ही जास्त ओढताय. तीन घेऊन चार सोडा, दोन दिवसांनी परत वाढवा.

दुसऱ्या आठवड्यात भ्रामरी जोडा. अंगठ्याने कानाची पाळी नव्हे, तर कानाच्या भोकापुढचा कडक दाणा हलकेच आत दाबायचा. ओठ मिटलेले, दात सुटे. श्वास सोडताना ‘म्’ असा गुंजारव. पाच ते सात वेळा. आवाज घशात घासला तर सूर फार खाली लावलाय, किंचित वर न्या. अनुलोम-विलोमही चालतं, पण कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नको.

आसनं: चारच, पण नीट

सुप्तबद्धकोणासन हे यातलं मुख्य. लोड लांबीच्या दिशेने ठेवा, त्याच्या टोकाला चिकटून बसा. माकडहाड जमिनीवर, लोड कमरेला टेकलेला. तळवे जुळवून टाचा शरीरापासून वीतभर लांब ठेवा. आता प्रत्येक गुडघ्याखाली एक उशी, आणि मग मागे आडवे व्हा. डोक्याखाली चादरीची घडी अशी घाला की कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर राहील. हात शरीरापासून सुटे, तळवे वर, डोळ्यांवर पंचा. पाच मिनिटांपासून दहापर्यंत.

चुकतं कुठे? कंबरेत चिमटा बसतो, कारण लोड फार उंच असतो किंवा बसताना आपण त्याच्यापासून दूर सरकतो. अशा वेळी लोडाऐवजी चादरींची लांब घडी वापरा किंवा नितंबांखालीही एक चादर घाला. जांघेत ताण येतो, कारण गुडघे अधांतरी लोंबत असतात. उशी उंच करा. हे आसन ताणण्यासाठी नाही, पडून राहण्यासाठी आहे. उठताना पोटाचा झटका देऊन सरळ बसू नका. हातांनी गुडघे जवळ आणा, उजव्या कुशीवर वळा, डाव्या हाताने जमीन रेटून उठा.

मार्जरासन त्या मानाने सोपं. हात खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली. श्वास घेताना पाठ खाली आणि छाती पुढे, सोडताना पाठ कमानीसारखी वर. आठ ते दहा वेळा, श्वासाच्या चालीने. गुडघ्याला बोचत असेल तर चादर घाला. मनगट दुखत असेल तर मुठी टेकवा.

सेतुबंधासनात पाठीवर झोपून टाचा नितंबांजवळ घ्या, पावलं एकमेकांना समांतर. श्वास सोडत कंबर वर उचला, पाच श्वास थांबा, मणका-मणका टेकवत खाली या. तीन वेळा. गुडघे बाहेर फाकले की कंबर धरते, म्हणून मांड्यांमध्ये घडी केलेली चादर धरून करा.

भिंतीवर पाय ठेवायची विपरीतकरणी सगळ्यांना आवडते आणि सगळ्यांत जास्त चुकतं तेही इथेच. समोरून भिंतीकडे सरकत गेलं तर नितंब भिंतीपासून हातभर लांब राहतात. भिंतीला कूस लावून बसा, पाठ टेकवता टेकवता पाय भिंतीवर फिरवा. कंबरेखाली चार बोटं जाडीची चादर, भिंत आणि चादर यांत चार बोटांचं अंतर. मांडीच्या मागे ओढ बसत असेल तर थोडं मागे सरका. पाच ते आठ मिनिटं. पायाला मुंग्या आल्या की पाय वाकवून मांडी घाला. रक्तदाब वाढलेला असेल, काचबिंदू असेल तर हे आसन वगळा. याने गर्भाशयाकडे रक्त ‘खेचलं जातं’ वगैरे जे बोलतात त्याला आधार नाही, पण दिवसभर काउंटरवर किंवा ओट्याशी उभं राहणाऱ्या बाईला याच्याइतका आराम दुसरा नाही.

शेवटी शवासन, आठ ते दहा मिनिटं, गुडघ्यांखाली लोड. मन भरकटत असेल तर उजव्या अंगठ्यापासून सुरू करून शरीराचा एकेक भाग मनात म्हणत जा. झोप लागली तर लागू द्या, त्यात काही बिघडत नाही.

महिन्याचे चार भाग

पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत सुप्तबद्धकोण, लोडावर पोट टेकून बालासन आणि श्वास, इतकंच. पाळीत उलटी आसनं करू नयेत ही परंपरेची सूचना आहे. त्यामुळे अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण त्या दिवसांत शरीर विश्रांती मागतं, तर द्यावी.

पाळी थांबल्यापासून अंडं सुटेपर्यंत जोर लावायला हरकत नाही. ४ ते ६ संथ सूर्यनमस्कार, भुजंगासन, सेतुबंध, कपालभातीची सवय असेल तर तीही थोडी. पण एक भान ठेवा. संथ योगात फारसा दम लागत नाही. पीसीओएस आणि वाढलेलं वजन असेल तर निव्वळ आसनांवर भागत नाही, आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं हवं. रंकाळा तलावाचा काठ आहे, विद्यापीठाचा परिसर आहे. शेजारच्या बाईशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरल्यावरही अनेकींची पाळी रुळावर येते. ७० किलोच्या बाईला म्हणजे साडेतीन ते सात किलो. आणि हो, गूळ आपल्या कोल्हापूरचा असला तरी रक्तात जाऊन साखरच होतो. तांबडा-पांढरा रस्सा सोडायची गरज नाही, त्याच्याबरोबरच्या भाताचा डोंगर कमी करा.

उलट्या टोकाला सडपातळ, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८.५ च्या खाली आणि रोज दोन तास जिम-झुंबा करणाऱ्या मुली असतात. त्यांची पाळी बंद होते ती पोटात अन्न कमी आणि कष्ट जास्त म्हणून. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, आणि मेंदूच अंडाशयांना जाणारे इशारे थांबवतो. त्यांचा उपाय म्हणजे दोन चपात्या जास्त आणि व्यायाम निम्मा.

अंडं सुटण्याच्या दोन-तीन दिवसांत काही बदलायचं नाही. फक्त रात्री दमून पडाल इतकं करू नका.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत कपालभाती, भस्त्रिका (भात्यासारखा जोराचा श्वास), नौली (पोटाचे स्नायू घुसळणं), मयूरासन, पोट पिळणारे मरोड आणि पोटावर झोपून करायची धनुरासनासारखी आसनं बाजूला ठेवा. यांनी गर्भ पडतो असा पुरावा नाही. पण त्यांच्यावाचून काही अडतही नाही, आणि पुढे पाळी आलीच तर ‘मी तेव्हा नौली केली होती’ ही रुखरुख मागे लागते. ती टाळणं हे पुरेसं कारण आहे.

घरधन्यासाठी

शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, बाहेर पडायच्या लायकीचे व्हायला आणखी थोडे दिवस. आज सुधारलेल्या सवयीचा रिपोर्ट तीन महिन्यांनी दिसतो. पंधरा दिवसांत दुसरी तपासणी करून निराश होऊ नका.

अंडकोष शरीरापेक्षा २ ते ४ अंश थंड राहावेत म्हणून बाहेर असतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीच्या भट्टीजवळ आठ तास उभं राहणारा, गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ घालणारा, दिवसभर ट्रकच्या केबिनमध्ये बसणारा, यांना ही उष्णता सतत लागते. नोकरी सोडा असं कुणी म्हणणार नाही. पण दर तासाला पाच-दहा मिनिटं भट्टीपासून लांब जाणं, सैल सुती चड्डी, घरी गेल्यावर कोमट पाण्याने अंघोळ, एवढं हातात असतं. तालमीत जाणाऱ्याने लंगोट कसरतीपुरता घालावा, सुटल्यावर बदलावा. मांडीवर लॅपटॉप नको. तापवलेल्या खोलीतला ‘हॉट योगा’ तर नकोच.

आता खरं दुखणं. शरीर कमावण्यासाठी जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉईडची इंजेक्शनं देत असेल, तर ती शुक्राणू बनवणं थेट थांबवतात. बाहेरून हार्मोन मिळाला की मेंदू अंडकोषांना काम करायला सांगत नाही. दंड फुगतो आणि रिपोर्टवर शून्य येतं. बंद केल्यावर परत यायला महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. डॉक्टरपासून हे लपवू नका, नाहीतर सहा महिने भलत्याच औषधांत जातील.

मावा, तंबाखू, सिगारेट यांनी शुक्राणूंची संख्या आणि चाल दोन्ही बिघडतात. बायकांची मिश्रीही तंबाखूच आहे, हे घरात कुणी बोलत नाही. दात घासायच्या निमित्ताने दिवसातून चार वेळा तोंडात जाते ती मिश्री आधी सोडा, मग आसनांचं बघू.

पुरुषासाठी खास आसन नाही. बायकोबरोबर तोच श्वास, तेच शवासन. व्हेरिकोसील (अंडकोषाच्या शिरा फुगणं) असेल तर श्वास रोखून जोर लावायचे प्रकार टाळावेत, कारण पोटातला दाब वाढला की फुगलेल्या शिरा आणखी फुगतात.

‘पेढे कधी?’

लग्नात, बारशाला, महाद्वार रोडवर, कुठेही हा प्रश्न येतो. उत्तर आधीच ठरवून ठेवा आणि दोघांचं एकच असू द्या. ‘देवाच्या आणि डॉक्टरांच्या हातात आहे, झालं की पहिला पेढा तुम्हाला’ म्हणून विषय बदलला तर समोरचा दुसऱ्यांदा विचारत नाही. सासूबाईंना किती सांगायचं ते नवऱ्याने ठरवावं आणि त्यानेच सांगावं. ‘आई, रिपोर्ट आमच्या दोघांचे आहेत, तिच्या एकटीचे नाहीत’ हे वाक्य मुलाच्या तोंडून गेलं की घरातलं वातावरण निम्मं निवळतं.

पाळीची वाट बघण्याचे शेवटचे दहा दिवस सगळ्यांत वाईट. तेव्हा काळजीला वेळ नेमून द्या. संध्याकाळी १५ मिनिटं, वहीच्या मागच्या पानावर मनात येईल ते लिहायचं. बाकी दिवसात विचार आला की ‘सहा वाजता’ असं म्हणून पुढे ढकलायचा. पहिले तीन-चार दिवस हे हास्यास्पद वाटतं, नंतर विचार खरोखर थांबायला शिकतात. रात्री जाग येऊन मोबाईलवर लक्षणं शोधत बसू नका. छाती जड होणं, ओटीपोटात दुखणं ही पाळीचीही लक्षणं आहेत आणि दिवस राहिल्याचीही. शोधून उत्तर सापडत नाही. त्याऐवजी चार-सहाचा श्वास, कुशीवर पडल्या पडल्या.

दोन आठवडे झोप नाही, जेवण नको, कशातच मन नाही, जगणं नकोसं होतंय, असं असेल तर योगावर अवलंबून राहू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येतं.

शिक्षक निवडताना

पन्नास जणांच्या वर्गात कुणाचं काय चाललंय हे शिक्षकाला कळत नाही. दहा-बारा जणांचा वर्ग बघा. पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगा, ‘मूल राहण्यासाठी उपचार चालू आहेत, महिन्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांत पोटावर दाब येणारं काही करणार नाही.’ यावर शिक्षकाने वाद घातला, ‘औषधं बंद करा’ म्हटलं, हमी दिली, पुडी हातात ठेवली, तर दुसरा वर्ग शोधा. ‘मुलगाच होईल’ असं सुचवणारा तर कायद्याच्याही पलीकडे गेलेला असतो. लिंगनिवड आणि तिची जाहिरात हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुलगा की मुलगी हे शुक्राणू ठरवतो, आसन नाही.

उपचार सुरू असताना

आयव्हीएफच्या (शरीराबाहेर गर्भ तयार करून आत सोडण्याच्या उपचाराच्या) इंजेक्शनांचे साधारण ८ ते १२ दिवस असतात. त्यात अंडाशय नेहमीच्या कितीतरी पट फुगतात आणि जड झालेला अंडाशय देठाभोवती पिळला जाऊ शकतो. म्हणून इंजेक्शनं सुरू झाल्यावर मरोड, उड्या, सूर्यनमस्कार, कपालभाती, उलटी आसनं बंद. चालणं, श्वास, सुप्तबद्धकोण, शवासन चालू. अंडी काढल्यानंतरही अंडाशय लहान व्हायला वेळ लागतो, तेव्हा पुढची पाळी येईपर्यंत किंवा डॉक्टर हो म्हणेपर्यंत हेच पथ्य. एका बाजूला अचानक कळ येऊन उलटी झाली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच रात्री दवाखाना. पोट झपाट्याने फुगणं, एका दिवसात किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, दम लागणं, यांतलं काहीही दिसलं तरी लगेच फोन.

नवरात्र या दिवसांत आलं आणि नऊ दिवसांचा उपवास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. निर्जळी नको. अंबाबाईला नवस बोलायला कुणाची ना नाही, पण पाणी आणि प्रथिनं चुकवू नका.

गर्भ आत सोडल्यानंतर पलंगाला खिळून राहिल्याने तो जास्त चिकटतो, असं नाही. उठायचं, घरातलं हलकं काम करायचं, रोजचा श्वास करायचा. नवीन आसन मात्र या दोन आठवड्यांत शिकू नका.

टेस्ट दोन रेघा दाखवू लागली की वर्ग थांबवून आधी डॉक्टरांकडे जा, गर्भ जागेवर आहे ना ते सोनोग्राफीत कळू द्या. तोवर एका बाजूला दुखणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं, चक्कर किंवा रक्तस्राव झाला तर तो गर्भ नळीत अडकल्याचा इशारा असू शकतो, ताबडतोब जायचं. सगळं ठीक असेल तर चार-सहाचा श्वास, मार्जरासन आणि कुशीवरचं शवासन पुढेही चालू ठेवता येतं. भिंतीवरचे पाय आणि पोटावरची तांदळाची पिशवी मात्र आता नको.